गोळी कमी होते, तेव्हा झोपेचे काय होते

झोपेची गोळी सुरू करायला दोन मिनिटे पुरतात. ती थांबवायची कशी, हे सांगण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते. म्हणून पुष्कळ माणसे एक दिवस आपल्याच मनाने ती सोडून पाहतात. दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, छातीत धडधडते, चौथ्या रात्री हात पुन्हा पट्टीकडे जातो आणि एक समजूत कायमची पक्की होते: ‘आपल्याला गोळीशिवाय झोप येत नाही.’ घरचेही तेच म्हणू लागतात आणि पुढच्या महिन्याची चिठ्ठी लिहून मिळते.

ही समजूत कितपत खरी, हा या आढाव्याचा प्रश्न आहे. साठ वर्षांच्या संशोधनातून हाती लागते ते साधारण असे: गोळी कमी करताना झोप बहुधा बिघडते, पण त्या दिवसांतली झोप ही त्या माणसाची मूळची झोप नसते. तिच्यावरून गोळीचा निकाल लावणे ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

आधीच एक इशारा देतो. रोज घेतली जाणारी ही गोळी अचानक बंद केल्यास फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, क्वचित जिवावर बेतू शकते. पुढचे आकडे वाचून कोणी स्वतःचे वेळापत्रक आखू नये. डॉक्टरांशी बोलताना ते उपयोगी पडावेत, एवढ्यासाठीच दिले आहेत.

या गोळ्या आल्या कुठून

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झोपेची गोळी म्हणजे बार्बिट्युरेट. झोप आणणारी मात्रा आणि श्वास थांबवणारी मात्रा यांत फारसे अंतर नाही, हा त्या गटाचा मोठा दोष होता. १९५०च्या दशकात हॉफमन-ला रोश या कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख यांनी क्लोरडायझेपॉक्साइड शोधले. १९६० मध्ये ते ‘लिब्रियम’ नावाने बाजारात आले, १९६३ मध्ये त्याच कुळातले डायझेपाम ‘व्हॅलियम’ नावाने. एकटी घेतली तर सहसा जीव न घेणारी ही औषधे डॉक्टरांना वरदान वाटली. भारतात रॅनबॅक्सीने डायझेपाम ‘काम्पोज’ म्हणून विकले आणि अनेक घरांत झोपेच्या गोळीचे तेच नाव होऊन बसले. मागोमाग नायट्राझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम आली. हे सगळे बेन्झोडायझेपिन कुळ. झोल्पिडेम आणि झोपिक्लोन ही ‘झेड’ औषधे रसायन म्हणून वेगळी, पण मेंदूत ज्या ठिकाणी काम करतात ते ठिकाण तेच.

सवयीचा पुरावा मात्र फार लवकर मिळाला होता. १९६१ मध्ये अमेरिकेत लिओ हॉलिस्टर आणि सहकाऱ्यांनी क्लोरडायझेपॉक्साइडच्या मोठ्या मात्रेवर महिनोन्‌महिने असलेल्या ११ रुग्णांचे औषध एकदम थांबवले. दहाजणांना त्रास झाला, दोघांना फिट आली. यावर तेव्हाचे उत्तर असे की, मात्राच अवाजवी होती. नेहमीच्या, डॉक्टरांनी दिलेल्या लहान मात्रेवरही शरीर अवलंबून राहते, हे मान्य व्हायला १९८०चे दशक उजाडावे लागले. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने ही औषधे दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत, असे सांगितले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अवलंबित्वाविषयीची चौकटीतली इशारासूचना सगळ्या बेन्झोडायझेपिनांवर सक्तीची केली ती २०२० मध्ये, म्हणजे हॉलिस्टर यांच्या प्रयोगानंतर ५९ वर्षांनी.

गोळी खाऊन लागलेली झोप

मेंदूतल्या पेशींना शांत करणारे मुख्य रसायन म्हणजे गाबा. बेन्झोडायझेपिन गाबाची जागा घेत नाही; गाबा जिथे चिकटतो त्या ग्राहीवर शेजारच्या खाचेत बसते आणि गाबाचा परिणाम वाढवते. पेशी लवकर शांत होतात, झोप लवकर लागते, मधली जाग कमी होते.

तरी या झोपेची घडण वेगळी असते. निरोगी रात्रीत हलकी झोप, खोल संथलहरी झोप आणि स्वप्नांची झोप अशी आवर्तने चालतात. बेन्झोडायझेपिनखाली मधल्या पातळीची झोप वाढते. खोल झोप बरीच आणि स्वप्नांची झोप काहीशी घटते. झोल्पिडेमचा हा दोष कमी. घड्याळात तास भरलेले दिसतात, पण ते कशाने भरलेत ते वेगळे असते.

फायदा किती, हेही पाहावे लागते. २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका विश्लेषणात अमेरिकी औषध प्रशासनाकडे सादर झालेल्या चाचण्या एकत्र केल्या होत्या. झेड औषधांमुळे झोप लागायचा वेळ नुसत्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत सरासरी २२ मिनिटांनी कमी झाला. दिखाऊ गोळीनेही बराच फरक पडला होता. गोळी घेतली या दिलाशाचा वाटा मोठा असतो. आणि या बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्या. दहा-पंधरा वर्षे रोज तीच गोळी घेणाऱ्याला रात्री ती नेमके काय देते, याची तपासणी फार कमी झाली आहे. अनेकांच्या बाबतीत ती मुख्यतः स्वतःच्याच अभावाचा त्रास टाळत असते, असे मानायला आधार आहे: काही आठवड्यांत ग्राही बधिर होतात, मेंदूतली उत्तेजना देणारी यंत्रणा जोर धरते आणि गोळी हा रोजच्या समतोलाचा भाग होऊन जातो.

तीन निराळे त्रास, एकच नाव

गोळी कमी केल्यावर झोप उडाली की आपण एकच शब्द वापरतो: निद्रानाश. अभ्यासक मात्र तीन गोष्टी वेगळ्या करतात आणि हा फरक रुग्णाच्या कानावर घालणे हा उपचाराचा अर्धा भाग आहे.

पहिली गोष्ट म्हणजे उसळी. अमेरिकेतील झोपेचे संशोधक अँथनी केल्स आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले की, शरीरातून लवकर निघून जाणारी गोळी थांबवली की एक ते काही रात्री झोप उपचारापूर्वी होती त्याहूनही वाईट होते. ही उसळी थोड्या दिवसांच्या वापरानंतरही येऊ शकते आणि तितक्याच लवकर ओसरते. गोळीशिवाय झोप येत नाही, या समजुतीचा जन्म बहुतेक वेळा याच रात्रींत होतो.

दुसरी गोष्ट, औषध सुटतानाची लक्षणे. यात निद्रानाश एकटा नसतो. घाम, थरथर, स्नायूंची ओढ, आवाज आणि उजेड सहन न होणे, घाबरे होणे अशी नवी, पूर्वी कधी नसलेली लक्षणे सोबत येतात. दबलेली स्वप्नांची झोप उफाळून येते, म्हणून भडक स्वप्ने पडतात आणि माणूस दचकून जागा होतो. हा त्रास सहसा काही आठवडे चालतो. थोड्या लोकांत तो महिनोन्‌महिने रेंगाळतो.

तिसरी गोष्ट, मूळ दुखणे परत येणे. ज्या चिंतेसाठी, नैराश्यासाठी किंवा निद्रानाशासाठी गोळी सुरू झाली, ते तसेच असेल तर ते हळूहळू डोके वर काढते आणि आपणहून ओसरत नाही.

पहिल्या दोहोंना वेळ हे औषध आहे, तिसऱ्याला उपचार. पहिल्या आठवड्यात तिन्ही सारखीच दिसतात. म्हणून निर्णय त्या आठवड्यात घ्यायचा नसतो.

कोणता त्रास कधी सुरू होईल हे गोळी शरीरात किती टिकते यावर ठरते. रक्तातली मात्रा निम्मी व्हायला झोल्पिडेमला सुमारे अडीच तास, अल्प्राझोलामला अकराच्या आसपास, लोराझेपामला बारा-चौदा, क्लोनाझेपामला तीस-चाळीस तास लागतात. डायझेपामचे तर शरीरात जे रूपांतर होते, ते कित्येक दिवस रेंगाळते. त्यामुळे अल्प्राझोलाम घेणाऱ्याला मात्रा न बदलताही पहाटे तीन-चारला धडधडत जाग येऊ शकते. ती कालच्या गोळीचा अंमल उतरल्याची खूण असते. उलट क्लोनाझेपाम कमी करणारा पहिले चार दिवस निवांत झोपतो, ‘काहीच त्रास नाही’ म्हणून घाईने पुढची कपात करतो आणि मग दोन्ही कपातींचे ओझे एकदम अंगावर येते.

आठवणीची गफलत

या सगळ्या विषयातला मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग झोपेपेक्षा स्मरणाशी निगडित आहे. बेन्झोडायझेपिन नवी आठवण साठू देत नाही; शस्त्रक्रियेपूर्वी मिडाझोलाम देतात ते या गुणासाठीही. रात्री तीनदा जाग आली, पाणी प्यायले, पुन्हा पडले, तरी सकाळी त्यातले काही आठवत नाही. माणूस म्हणतो, ‘छान झोप झाली.’

डी. श्नायडर-हेल्मर्ट यांनी १९८८ मध्ये नेमके हेच तपासले. लहान मात्रेवर वर्षानुवर्षे असलेल्या निद्रानाशाच्या रुग्णांची झोप यंत्रावर मोजली. गोळीवर असतानाही ती औषध न घेणाऱ्या निद्रानाशींइतकीच खराब होती, शिवाय खोल आणि स्वप्नांची झोप दबलेली. रुग्णांचा अंदाज मात्र प्रत्यक्षापेक्षा बराच उदार होता. गोळी सुटल्यावर झोपेची घडण सावरू लागली, पण आता प्रत्येक जाग ध्यानात राहत होती, म्हणून त्यांना झोप बिघडल्यासारखी वाटली. गोळीच्या पकडीतून सुटणे अवघड का जाते, याचे त्यांनी दिलेले उत्तर हेच होते.

२००४ मध्ये कॅनडातील शार्ल मोरँ यांच्या गटाने केलेल्या चाचणीत याला पुष्टी मिळते. वर्षानुवर्षे गोळ्या घेणारी ७६ उतारवयाची माणसे, दहा आठवड्यांची कपात, आधी आणि नंतर यंत्रावर मोजलेली झोप. सर्व गटांत एकूण झोप थोडी घटली, पण खोल झोप आणि स्वप्नांची झोप वाढली. कपातीच्या काळात ‘झोप कमी झाली’ ही तक्रार खरी असू शकते आणि झोपेची घडण सुधारते आहे हेही त्याच वेळी खरे असू शकते. सकाळी उठल्यावरच्या अंदाजाला यातली फक्त पहिली गोष्ट कळते.

याचा अर्थ रुग्णाचा त्रास काल्पनिक आहे असा मुळीच नाही. जागेपणी मोजलेला प्रत्येक तास खरा असतो. पण गोळीच्या काळातल्या ‘चांगल्या’ रात्रीशी आताच्या ‘वाईट’ रात्रीची तुलना करताना दोन्हीकडे मोजपट्टी एकच नाही, एवढे लक्षात ठेवायला हवे.

किती हळू?

कपातीच्या वेगाविषयी सर्वाधिक उद्धृत होणारे नाव हेदर अॅश्टन यांचे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे १९८२ ते १९९४ या काळात त्यांनी या गोळ्या सोडू पाहणाऱ्यांसाठी खास दवाखाना चालवला. रुग्णांचे बारकाईने ऐकून त्यांनी जी मार्गदर्शिका लिहिली, ती जगभर हातोहात गेली. लवकर उतरणाऱ्या गोळीवरून डायझेपामवर यायचे, मग अगदी थोडे थोडे कमी करत जायचे, आणि वेग रुग्णाने ठरवायचा, ही त्यांची पद्धत. तिच्यामागे अनुभव दांडगा असला तरी नियंत्रित चाचण्या थोड्या आहेत, हे मान्य करावे लागते.

२०२५ मध्ये अमेरिकेतील व्यसनवैद्यक संस्थेने इतर संघटनांसह काढलेली मार्गदर्शक तत्त्वे त्याच दिशेची आहेत: सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या ५ ते १० टक्के कपात, कोणत्याही दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, त्रास वाढला तर थांबायचे.

यातला ‘चालू मात्रेच्या’ हा शब्द कळीचा आहे. समजा, कोणी रात्री अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम घेतो. आपल्याकडे सहज मिळणारी लहान गोळी ०.२५ची. तिचे अर्धे करून पायऱ्या पाडल्या तर ०.५ वरून ०.३७५, मग ०.२५, मग ०.१२५, मग शून्य. दर वेळी कपात तेवढीच, ०.१२५ची. पण चालू मात्रेच्या हिशेबात पहिली पायरी २५ टक्क्यांची, दुसरी ३३ची, तिसरी ५०ची आणि शेवटची १०० टक्क्यांची. ‘अगदी अर्ध्या गोळीवर आलो होतो आणि तिथेच अडकलो’ असे अनेकजण सांगतात, त्याचे एक कारण या अंकगणितात आहे. शेवटच्या पायऱ्या सर्वांत छोट्या हव्यात आणि बाजारात मिळणाऱ्या गोळ्या नेमक्या तिथेच उपयोगी पडत नाहीत. डायझेपामवर नेण्यामागे हेही एक व्यावहारिक कारण आहे. त्याची २ मिलिग्रॅमची गोळी तोडली की बारीक पायऱ्या पडतात. मात्र कोणत्या गोळीची किती मात्रा डायझेपामच्या कितीला बरोबर, यावर तक्त्यातक्त्यांत मोठा फरक असल्याने हे गणित घरी करायचे नाही. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तर तोडायच्याच नसतात.

फार हळू जाण्याचीही किंमत असते. दीड-दोन वर्षे रोज मात्रेचाच विचार करत राहिले की माणूस स्वतःच्या झोपेवर पहारा देऊ लागतो, आणि पहाऱ्यात झोप येत नाही. वेग सोसवेल इतका हळू आणि शेवट दिसेल इतका जलद हवा.

नुसती कपात पुरत नाही

आता या आढाव्यातला सर्वांत भक्कम पुरावा. वर आलेल्या मोरँ यांच्या चाचणीत तीन गट होते. नुसत्या देखरेखीखालच्या कपातीने ४८ टक्के लोक गोळीमुक्त झाले, नुसत्या झोपेच्या वर्तनोपचाराने ५४ टक्के, आणि दोन्ही एकत्र मिळालेल्या गटात ८५ टक्के. झोप सुधारल्याची भावनाही वर्तनोपचार मिळालेल्यांतच अधिक होती. त्याआधी २००३ मध्ये कॅनडातच झालेल्या दुसऱ्या चाचणीत हे प्रमाण ३८ विरुद्ध ७७ टक्के होते.

हा वर्तनोपचार म्हणजे ‘झोपण्यापूर्वी मोबाइल पाहू नका’ असा उपदेश नव्हे. त्याचे दोन खांब आहेत. पहिला रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला: अंथरूण फक्त झोपेसाठी. झोप येत नसेल तर उठायचे, दुसऱ्या खोलीत बसायचे, डोळे जड झाले की परतायचे; सकाळची उठण्याची वेळ मात्र बदलायची नाही. दुसरा आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडला: अंथरुणातले तास आवळायचे. रात्री अकरा ते सकाळी सात पडून राहायचे आणि झोप साडेपाच तास, म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी जेमतेम ६९ टक्के झोपेत गेला. हाच वेळ काही आठवडे सहा तासांवर आणला की झोप गोळा होते, सलग होते. मग वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचा. सुरुवातीचे दिवस पेंगण्यात जातात. अपस्मार किंवा द्विध्रुवी विकार असलेल्यांनी आणि वाहन चालवणाऱ्यांनी हा भाग तज्ज्ञाशिवाय करू नये. ऐन कपातीत तास फार आवळणेही बरे नाही.

आपल्या घरांत याच्या नेमके उलट होते. ‘रात्री झोप झाली नाही ना, मग दुपारी पड जरा,’ ‘आज लवकर पाठ टेक’ हा मायेचा सल्ला कपातीच्या काळात रात्रीची झोप आणखी पातळ करतो. एकाच खोलीत चौघे झोपत असतील तिथे ‘उठून दुसऱ्या खोलीत बसा’ हेही जमत नाही. अशा घरांत खुर्ची भिंतीकडे वळवून मंद उजेडात बसणे एवढेच हाती राहते.

तज्ज्ञ नसला तरी थोडीशी रीतसर मदत पुष्कळ करते. २०१४ मध्ये क्वेबेकमधल्या औषध दुकानांतून ज्येष्ठ नागरिकांना एक माहितीपत्रक घरपोच दिले गेले: ही गोळी तुमच्या वयात काय करते आणि ती टप्प्याटप्प्याने कशी कमी करतात. ३०३ जणांच्या त्या चाचणीत सहा महिन्यांनी पत्रक मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांनी गोळी बंद केली होती, न मिळालेल्यांपैकी ५ टक्के. त्याच वर्षी स्पेनमधल्या चाचणीत साध्या फॅमिली डॉक्टरांनी समजावून सांगून केलेल्या कपातीने वर्षभरात ४५ टक्के रुग्ण गोळीमुक्त झाले. नेहमीच्या पद्धतीत १५ टक्के.

दुसरी गोळी, जायफळ, योगनिद्रा

गोळी कमी करताना मधला आधार म्हणून दुसरे काही द्यावे का? मेलॅटोनिनची खूप आशा होती. १९९९ मधल्या एका छोट्या चाचणीत निकाल चमकदार आला. नंतरच्या चाचण्यांतून तो टिकला नाही. कपातीला मदत करणाऱ्या औषधांचा २०१८ मधला कॉक्रेन आढावा म्हणतो की, कोणत्याही औषधाची ठाम शिफारस करावी इतका चांगला पुरावा नाही. अॅमिट्रिप्टिलिन, क्वेटियापिन यांची लहान मात्रा सर्रास दिली जाते. सोबत नैराश्यासारखे दुखणे असेल तर निवडीला अर्थ असतो, नसेल तर एका गोळीच्या जागी दुसरी येते.

जायफळ घातलेले दूध, अश्वगंधा, तळपायाला तेल या गोष्टी घरोघरी होतात. त्यातला झोपेपूर्वीचा ठरलेला क्रम आणि स्पर्शाचा दिलासा मोलाचा आहे; चिमूटभर जायफळाने हानी नाही, पण मोठ्या प्रमाणात ते विषारी ठरते. योगनिद्रेबद्दल पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या चाचणीत जुन्या निद्रानाशाच्या रुग्णांची झोप सुधारली, वर्तनोपचाराच्या गटातही सुधारली. ती चाचणी गोळी सोडणाऱ्यांवर नव्हती. तरी रात्री जागे असताना अंग सैल सोडण्याची एक रीत म्हणून योगनिद्रा वापरून पाहण्यात तोटा नाही.

दारू मात्र स्पष्टपणे वर्ज्य. ती त्याच ग्राहीवर काम करते, पहिले दोन तास झोप आणते आणि उत्तररात्र उद्ध्वस्त करते. गोळी उरलेली असताना दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

आपल्याकडची गुंतागुंत

भारतात हा प्रश्न तीन ठिकाणी वेगळा होतो. पहिले, अनेकांना आपण ही गोळी घेतो हेच ठाऊक नसते. एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत, पोटाच्या तक्रारीसाठी क्लिडिनियमसोबत क्लोरडायझेपॉक्साइड, धडधडीसाठी प्रोप्रानोलोलसोबत इटिझोलाम, अशी मिश्रणे सर्रास लिहिली जातात. अशी गोळी ‘बरे वाटले’ म्हणून सोडली की दोन औषधे एकदम सुटतात, आणि ती अर्धी केली की नैराश्याचे आवश्यक औषधही अर्धे होते. कपातीची पहिली पायरी इथे मिश्रण सुटे करून घेणे ही असते.

दुसरे, कायदा आणि काउंटर. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे २०१४ पासून ‘एच-१’ या कडक यादीत आहेत. चिठ्ठीची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत ठेवायची असते. तरीही जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून पट्टी मिळण्याची सोय अनेक ठिकाणी आहे. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख लोक वैद्यकीय सल्ल्याबाहेर शामक औषधे वापरत होते. मालेगावात अल्प्राझोलाम ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकले जाते आणि त्यावर पोलिसांच्या धाडी पडत असतात.

तिसरे, पुरवठाच तुटणे. २०१५ मध्ये तेलंगणाच्या काही जिल्ह्यांत भेसळीच्या ताडीवर सरकारी कारवाई झाली. त्या ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम मिसळलेले असे. ताडी बंद होताच माणसे थरथर, भास, फिट घेऊन रुग्णालयांत येऊ लागली. आपण शामक घेतो हे त्यांतल्या अनेकांना माहीत नव्हते. नुसता पुरवठा तोडणे हा उपाय होऊ शकत नाही, याचे एवढे ढळढळीत उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल. धाडीबरोबर उपचाराची सोय हवी. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, ठाणे-येरवडा-नागपूर-रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालये, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आणि टेलिमानसची १४४१६ ही दूरध्वनी सेवा हे त्यासाठीचे उपलब्ध दरवाजे आहेत.

सर्वांनी सोडावीच का?

नाही. साठीनंतर पडणे, मांडीचे हाड मोडणे, विसरभोळेपणा यांचा धोका वाढतो, म्हणून ज्येष्ठांसाठीच्या औषधयाद्यांत ही गोळी टाळण्याजोगी गणली जाते. पण २०२३ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या निरीक्षणात, दीर्घकाळ स्थिर मात्रेवर असलेल्यांपैकी ज्यांची गोळी थांबली त्यांच्यात वर्षभरातले मृत्यू न थांबलेल्यांपेक्षा सुमारे दीडपटीहून जास्त दिसले. हे निरीक्षण आहे, चाचणी नाही. आजारी माणसांचीच गोळी थांबवली गेली असेल, कपात घाईची झाली असेल. तरी ‘बंद केली की भले झाले’ हे गृहीत धरता येत नाही, एवढा धडा त्यातून नक्की मिळतो. अपस्मारासाठी क्लोनाझेपाम घेणाऱ्याचा प्रश्न तर वेगळाच आहे.

कपातीपूर्वी आणखी एक गोष्ट पाहायला हवी: गोळीखाली दुसरे काही दडले आहे का? घोरणे आणि श्वास अडकणे, लोहाच्या कमतरतेने वाढणारी पायांची चळवळ, गुडघेदुखी, थायरॉइड, रात्रीची लघवी. यातले काही असेल तर गोळी कमी केल्यावर झोप सुधारण्याची शक्यता त्या कारणाच्या उपचारावर ठरते.

पुराव्यातल्या उणिवाही नोंदवायला हव्यात. बहुतेक चाचण्या कॅनडा, युरोपातल्या, शेकड्यांतल्या आणि लहान मात्रेवरच्या लोकांच्या आहेत. मोरँ यांच्या गटातही पुढच्या दोन वर्षांत चाळीस टक्क्यांहून थोडे अधिक लोक पुन्हा गोळीकडे वळले. गोळीमुक्ती हा एका दिवशी मिळणारा दाखला नाही.

तरी जेवढे हाती आहे, त्यावरून काही गोष्टी आजच करता येतील. पहिल्या चिठ्ठीवर गोळी थांबवण्याची तारीख लिहायची. कपात सुरू करण्याच्या दोन आठवडे आधी झोपेची नोंदवही आणि ठरलेली उठण्याची वेळ सुरू करायची. प्रत्येक कपातीनंतर निर्णय एका रात्रीवर न घेता दोन आठवड्यांच्या सरासरीवर घ्यायचा, आणि झोपेच्या तासांइतकेच दिवसाचे भान, तोल, स्मरण, चिडचिड हेही विचारायचे. रुग्णाला आधीच सांगायचे की काही रात्री वाईट जातील आणि त्या का जातील. गोळी सोडण्यात अपयश आलेल्या पुष्कळांना ही माहिती कोणी दिलेली नसते. त्यांनी आपल्या झोपेविषयी काढलेला निष्कर्ष त्या अज्ञानातून आलेला असतो, म्हणून तो पुन्हा तपासायला हरकत नाही.